हजार वर्षांच्या राज्याची वाट : जुन्या सातारा जिल्ह्यातील बायबल-भाकितांचा इतिहास

येशू ख्रिस्त पुन्हा येईल, मेलेले उठतील, सर्वांचा न्याय होईल आणि देवाचे राज्य पूर्णपणे प्रस्थापित होईल, हा ख्रिस्ती श्रद्धेचा मूळ भाग आहे. हे केव्हा आणि कोणत्या क्रमाने घडेल, याबद्दल मात्र ख्रिस्ती मंडळीत पहिल्या शतकापासून मतभेद आहेत. हे मतभेद धर्मपंडितांच्या ग्रंथांपुरते कधीच राहिले नाहीत. जग हळूहळू सुधारत जाणार असे मानणाऱ्याने शाळा आणि छापखाने काढले. वेळ थोडा उरला आहे असे मानणारा गावोगाव फिरला. देवाचे राज्य आजच सुरू झाले आहे असे मानणाऱ्याने आश्रम काढला. कृष्णा-वारणेच्या दुआबातील इस्लामपूर आणि त्याभोवतीचा जुना सातारा जिल्हा या मुलखात या तिन्ही विचारांची माणसे शंभर वर्षांच्या आत येऊन गेली. त्यामुळे बायबलमधील शेवटच्या काळाच्या भाकितांचा मराठी इतिहास समजून घेण्यासाठी हा परिसर महत्त्वाचा ठरतो.

इस्लामपूर हे वाळवे तालुक्याचे मुख्य ठिकाण. उरुण या जुन्या गावाला जोडून ते वाढले, म्हणून उरुण-इस्लामपूर असे जोडनाव रूढ झाले. १९४९ पर्यंत हा तालुका सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. २०२५ मध्ये राज्य सरकारने गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय घेतला. या लेखातील काळात ते इस्लामपूर म्हणूनच ओळखले जात होते. मिशनच्या नकाशावर हे गाव दोन क्षेत्रांच्या शिवेवर होते. उत्तरेला सातारा आणि वाई येथे अमेरिकन मराठी मिशन काम करी. दक्षिणेला कोल्हापूर, सांगली, मिरज आणि कोडोली हा पट्टा अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इस्लामपूर हे या दुसऱ्या मिशनचे एक ठाणे होते.

भाकितांचे ग्रंथ आणि त्यांच्या वाचनाच्या पद्धती

शेवटच्या काळाची भाकिते बायबलमध्ये एका ठिकाणी नाहीत. जुन्या करारात दानीएल, यहेज्केल, योएल आणि जखऱ्या, तर नव्या करारात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय, पौलाची थेस्सलनीकाकरांस लिहिलेली पत्रे आणि प्रकटीकरण हे त्यांचे मुख्य आधार. दानीएलाच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला स्वप्नात एक प्रचंड पुतळा दिसतो. त्याचे डोके सोन्याचे, छाती व हात चांदीचे, पोट व मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे आणि पावले लोखंड व माती यांच्या मिश्रणाची आहेत. माणसाचा हात न लागता सुटलेला एक दगड पावलांवर आदळतो, पुतळ्याचा चुरा होतो आणि त्या दगडाचा पर्वत होऊन सारी पृथ्वी व्यापतो. सातव्या अध्यायात हीच कल्पना समुद्रातून निघणाऱ्या चार श्वापदांच्या रूपाने येते. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात सैतान हजार वर्षे बांधला जातो आणि त्या काळात ख्रिस्ताचे राज्य चालते. पुढच्या जवळजवळ सर्व वादांचे मूळ या हजार वर्षांत आहे.

आधुनिक अभ्यासकांपैकी बहुतेकांच्या मते दानीएलाच्या ग्रंथाला आजचे रूप इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात आले. सीरियाचा ग्रीक राजा चौथा अँटायोकस याने यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले, त्या छळाच्या काळाचे ठसे त्यावर आहेत. प्रकटीकरण हे पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमन सत्तेच्या दडपणाखालील आशिया मायनरमधील सात मंडळ्यांना उद्देशून लिहिले गेले. सत्ताधाऱ्याचे नाव उघड घेता येत नाही तेव्हा श्वापद, शिंग आणि आकडे यांची भाषा वापरली जाते. तेराव्या अध्यायातील ६६६ ही संख्या त्याचे ठळक उदाहरण आहे. हिब्रू लिपीत प्रत्येक अक्षराला संख्येचे मूल्य असते. ‘नेरोन केसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिले की नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६० आणि रेश २०० अशी मूल्ये येतात आणि त्यांची बेरीज ६६६ होते. काही प्राचीन हस्तलिखितांत ही संख्या ६१६ आहे. नावातील शेवटचा नून गळाला तर बेरीज नेमकी तेवढीच उरते. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या रोमन सम्राट नेरोकडे हा निर्देश असावा, हे मत त्यामुळे बळकट झाले.

भाकिते वाचण्याच्या चार मुख्य पद्धती आहेत. पहिली पद्धत मानते की बहुतेक भाकिते पहिल्या शतकातच, यरुशलेमचा इ. स. ७० मधील विध्वंस आणि रोमचा छळ यांत पूर्ण झाली. दुसरी पद्धत त्यांत ख्रिस्तापासून जगाच्या अंतापर्यंतचा सलग इतिहास पाहते. तिसरी म्हणते की त्यांचा बराचसा भाग अजून घडायचा आहे. चौथी त्यांना कोणत्याही काळाला लागू पडणारी, सत् आणि असत् यांच्या झगड्याची प्रतीके मानते. धर्मसुधारणेच्या काळात प्रॉटेस्टंटांनी दुसऱ्या पद्धतीने वाचून पोपला ख्रिस्तविरोधक ठरवले. त्याला उत्तर म्हणून जेझुइट पंडित फ्रान्सिस्को रिबेरा याने तिसरी, तर लुइस दे अल्काझार याने पहिली पद्धत पुढे आणली.

हजार वर्षांच्या राज्याबद्दल तीन मते झाली. ख्रिस्त आधी येईल आणि मग ते राज्य सुरू होईल, हे एक. मंडळीच्या कार्यातून जग सुधारत जाऊन ते राज्य आधी येईल आणि ख्रिस्त त्यानंतर येईल, हे दुसरे. हजार ही संख्या प्रतीकात्मक असून ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून मंडळीचा जो काळ चालू आहे तोच तो काळ, हे तिसरे. संत ऑगस्टीनपासून कॅथलिक परंपरा या तिसऱ्या मताची आहे. मराठी मुलखात ही तिन्ही मते आली, पण वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या माणसांबरोबर.

मराठीतील आरंभ

ख्रिस्ताच्या पुनरागमनाची शिकवण या किनाऱ्यावर प्रथम कॅथलिक मिशनऱ्यांनी आणली. रिबेरा आणि अल्काझार युरोपात भाकितांवर भाष्ये लिहीत होते, त्याच पिढीतील फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यातील साष्टीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचत होता. ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. कॅथलिक धर्मशिक्षणात विश्वासांगीकार पाठ करून घेतला जाई आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यासाठी ख्रिस्त येणार, हे कलम त्यात होते. तारखांचा हिशेब मात्र त्यात नव्हता. गोवा आणि वसईच्या कॅथलिक समाजात ही शिकवण आगमनकाळाची उपासना, मृतांसाठी प्रार्थना आणि न्यायाच्या दिवसाचे स्मरण या रूपाने मुरली.

प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांबरोबर भाकितांचे मूळ ग्रंथच सामान्य वाचकाच्या हाती आले. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूर येथील छापखान्यात नागपूरकडचे वैजनाथ पंडित यांच्या साहाय्याने मराठी नवा करार १८११ मध्ये मोडी लिपीत छापला गेला. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. या मिशनचे मराठी नव्या कराराचे भाषांतर १८२६ मध्ये पुरे झाले आणि त्याच वर्षी हॉल नाशिककडच्या प्रवासात पटकीने वारले.

हॉल आणि त्यांचे सहकारी सॅम्युएल न्यूवेल यांनी १८१८ मध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली. जगातील साठ कोटी अख्रिस्ती लोकांपर्यंत सुवार्ता नेणे मंडळीला शक्य आहे आणि ते तिचे कर्तव्य आहे, असा तिचा आशय होता. पेशवाई बुडाली आणि साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी पुन्हा बसवले, ते हेच वर्ष. त्या पिढीतील अमेरिकन मिशनऱ्यांवर सॅम्युएल हॉपकिन्स यांच्या धर्मविचाराचा मोठा प्रभाव होता. हजार वर्षांचे राज्य माणसांच्या परिश्रमातून, ज्ञानाच्या प्रसारातून आणि परोपकारातून येणार, अशी त्यांची खात्री होती. त्या राज्याची तयारी म्हणजे शिक्षण. मुंबईत १८२४ मध्ये या मिशनने मुलींची शाळा सुरू केली. सिंथिया फॅरार यांनी पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि त्या पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ निघू लागले, त्यात धर्माबरोबर विज्ञान आणि समाजसुधारणा यांनाही जागा होती. याच मिशनने १८४९ मध्ये साताऱ्यात आपले ठाणे उघडले.

त्याच काळात दुसरा सूरही ऐकू येत होता. ज्यू कुळात जन्मलेला आणि ख्रिस्ती झालेला प्रवासी जोसेफ वुल्फ १८३३ मध्ये मुंबईत आला. दानीएलाच्या आकड्यांवरून ख्रिस्त १८४७ मध्ये परत येईल, असे तो सांगत फिरे. १८३३ मध्येच अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज बगदादहून मुंबईला आले. ज्या ब्रदरन मंडळ्यांतून पुढे जॉन नेल्सन डार्बी यांची भाकितांची मांडणी जगभर पसरली, त्या मंडळ्यांच्या संस्थापकांपैकी ते एक. ख्रिस्त केव्हाही येईल आणि विश्वासूंना वर नेईल, मग मोठे संकट येईल आणि त्यानंतर हजार वर्षांचे राज्य, हा डार्बींचा क्रम. १९०९ मधील स्कोफील्डच्या टिपांसह छापलेल्या बायबलमुळे तो घरोघरी पोचला.

भाकितांमुळे मिशनऱ्यांचे लक्ष कोकणातील बेने इस्राएल समाजाकडेही गेले. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात इस्राएलाच्या भवितव्याविषयी जे म्हटले आहे, त्यामुळे ज्यू लोकांविषयी प्रॉटेस्टंटांना विशेष आस्था होती. मराठी बोलणारा, तेल गाळण्याचा धंदा करणारा आणि शनिवार पाळणारा हा समाज त्यांना या भाकिताचा जिवंत भाग वाटला. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये त्यांच्यासाठी हिब्रू व्याकरण मराठीत लिहिले. धर्मांतरे फारशी झाली नाहीत. आपल्या धर्मग्रंथांची मूळ भाषा मात्र या समाजाला पुन्हा शिकता आली.

कोल्हापूर, प्रिन्स्टन आणि इस्लामपूर

भाकितांच्या वाचनाला जगभर नवे वळण देणारे एक कुटुंब याच मुलखात वाढले. रॉयल वाइल्डर १८४६ मध्ये अहमदनगरला आले आणि १८५२ मध्ये त्यांनी कोल्हापूर संस्थानात काम सुरू केले. शाळांवर किती भर द्यावा, यावरून त्यांचे अमेरिकेतील मंडळाशी बिनसले. काही वर्षे त्यांनी स्वतंत्रपणे काम केले आणि १८७० मध्ये हे मिशन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे आले. प्रकृतीमुळे मायदेशी परतल्यावर १८७८ मध्ये त्यांनी मिशनकार्याला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. १८८७ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्याचे संपादन आर्थर पिअर्सन यांच्याकडे गेले.

पिअर्सन पूर्वी जग क्रमाने सुधारेल असे मानत. धर्मोपदेशक जॉर्ज म्यूलर यांच्या सहवासात त्यांचे मत पालटले आणि ख्रिस्त हजार वर्षांच्या राज्यापूर्वीच येणार, असे ते मानू लागले. मत्तय २४ मध्ये येशूने म्हटले आहे की सर्व राष्ट्रांना सुवार्ता सांगितली जाईल आणि मग शेवट होईल. पिअर्सन यांनी हे वचन मिशनकार्याच्या केंद्रस्थानी आणले. सारे जग ख्रिस्ती होणार नाही, पण साऱ्या जगाने सुवार्ता ऐकली पाहिजे, कारण ते झाल्यावर प्रभू येणार. १८८५ मध्ये नॉर्थफिल्डच्या परिषदेतून निघालेल्या आवाहनात १९०० पर्यंत हे काम पुरे करण्याची हाक होती.

रॉयल वाइल्डर यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. त्याची थोरली बहीण ग्रेस माउंट होल्योक या स्त्रियांच्या शिक्षणसंस्थेत शिकली आणि तेथे तिने मिशनकार्याला वाहून घेणाऱ्या मुलींची मंडळी उभी केली. अमेरिकेत प्रिन्स्टन येथील घरी भाऊ-बहीण रोज रात्री एकत्र प्रार्थना करीत. हजार विद्यार्थी मिशनसाठी निघावेत, हे त्यांचे मागणे होते. १८८६ च्या उन्हाळ्यात धर्मोपदेशक ड्वाइट मूडी यांच्या माउंट हर्मन येथील शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी जाण्याची तयारी दर्शवली. त्यातून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ जन्मली. ‘या पिढीतच जगाला सुवार्ता’ हे तिचे घोषवाक्य. पुढील काही दशकांत या चळवळीतून वीस हजारांहून अधिक तरुण-तरुणी मिशनकार्यासाठी देशोदेशी गेले.

या घोषवाक्यावर टीकाही झाली. घाईने केलेल्या प्रचारातून टिकाऊ मंडळ्या उभ्या राहत नाहीत, असे जर्मन मिशन-अभ्यासक गुस्टाव वारनेक यांचे म्हणणे होते. चळवळीचे नेते जॉन मॉट यांनी १९०० मध्ये याच नावाचे पुस्तक लिहून खुलासा केला की घोषवाक्य म्हणजे भविष्यकथन नव्हे. प्रत्येक पिढीने आपल्या काळातील माणसांविषयीची जबाबदारी ओळखावी, एवढाच त्याचा अर्थ आहे. १९०० साल उलटले. पिअर्सन यांनी घातलेली मुदत टळली, तरी चळवळ चालू राहिली.

ग्रेस वाइल्डर वडिलांच्या निधनानंतर आईबरोबर पुन्हा मराठी मुलखात आल्या. मोठ्या शहरातील मिशनच्या बंगल्यात राहून खेड्यांना भेटी देण्याऐवजी खेड्यांजवळच वस्ती करावी, या विचाराने त्यांनी इस्लामपूर परिसरात काम केले. ज्या चळवळीच्या मुळाशी त्यांची प्रार्थना होती, तिचा गाभा वेळेच्या टंचाईची जाणीव हा होता. इस्लामपूरला मात्र त्यांनी सावकाशीचा मार्ग निवडला. बायकांशी बोलण्यासाठी त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळाव्या लागतात, विश्वास मिळवायला वर्षे लागतात आणि एकाच परिसरात मुक्काम ठोकल्याशिवाय हे होत नाही. प्रभू लवकर येणार ही आशा आणि एका तालुक्यातील खेड्यांत पाय रोवून राहणे, ही दोन्ही एकाच आयुष्यात बसली, हे इस्लामपूरच्या या इतिहासातील सर्वांत लक्षणीय तथ्य आहे.

प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये सांगलीला आले आणि १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय सुरू झाले. विद्यार्थी स्वयंसेवकांची पिढी ज्या मुलखाकडे निघाली होती, तेथे दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील रोग्यांना आधार देणारी ही मोठी संस्था उभी राहिली.

दुष्काळ, प्लेग आणि शेवटचा पाऊस

मत्तय २४ मध्ये युद्धे, दुष्काळ, भूकंप ही प्रसूतिवेदनांची सुरुवात म्हणून सांगितली आहे. काही प्राचीन प्रतींत त्यांत मऱ्यांचाही उल्लेख येतो. १८९६ ते १९०० या काळात मराठी मुलखाने दुष्काळ आणि प्लेग ही दोन्ही संकटे एकदम पाहिली. ख्रिस्ती लोकांना या घटना भाकितांच्या प्रकाशात दिसणे स्वाभाविक होते. पंडिता रमाबाईंनी या दुष्काळांत मध्य प्रांत आणि गुजरातेतून निराधार मुली व विधवा आणून केडगावच्या मुक्ती सदनात ठेवल्या. तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

जून १९०५ च्या अखेरीस मुक्ती सदनात धर्मजागृतीची लाट आली. मुली रात्रभर प्रार्थना करीत, पापांची कबुली देत. या घटनेचा अर्थ योएलाच्या भाकितावरून लावला गेला. पॅलेस्टाईनमध्ये पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो. त्याने जमीन मऊ होते आणि पेरणी करता येते. शेवटचा पाऊस मार्च-एप्रिलात पडतो. त्याने दाणा भरतो आणि त्यानंतर कापणी. प्रेषितांच्या काळात पवित्र आत्म्याचा वर्षाव झाला तो पहिला पाऊस आणि जगाच्या कापणीपूर्वी होणारा वर्षाव हा शेवटचा पाऊस, असा अर्थ त्या काळातील धर्मजागृतीच्या वर्तुळांत रूढ झाला. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर पुस्तक लिहिले. ते चिलीतील वाल्पराइसो येथे विलिस हूवर यांच्या पत्नीपर्यंत पोचले आणि १९०९ मध्ये तेथे उसळलेल्या पेंटेकॉस्टल चळवळीला त्यातून चालना मिळाली. दौंडजवळच्या एका आश्रमातील भाकिताचे वाचन असे दक्षिण अमेरिकेत जाऊन रुजले.

रमाबाईंची स्वतःची पावले येथेही कामाकडे वळली. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत अवघे बायबल आणण्याचे काम हाती घेतले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, त्यापूर्वी हे भाषांतर पुरे झाले होते. छपाई मुक्ती सदनातील स्त्रियांनी केली.

साताऱ्यातील देवाचा दरबार

मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताला गुरू मानणारे सर्वजण त्यात एकत्र यावेत, अशी कल्पना होती. भारतीय पद्धतीचा आश्रम, भजन आणि सेवा हे तिचे स्वरूप होते. देवाचे राज्य भविष्यातील घटनांच्या क्रमात शोधण्यापेक्षा आज माणसामाणसांतील बंधुभावात पाहावे, हा या प्रयोगाचा भाव. ‘देवाचे राज्य तुम्हांमध्ये आहे’ या अर्थाची येशूची शिकवण लूकच्या सतराव्या अध्यायात आहे आणि टिळकांचे पाऊल त्या परंपरेत बसते. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. मराठी ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या मुलखाच्या भाषेत देवाच्या राज्याची मांडणी केली, हे त्याचे मोल कायम आहे.

न्यायाच्या राज्याची वाट पाहणे मराठी मनाला परके नव्हते. दिवाळीच्या पाडव्याला बळीचे राज्य यावे, अशी इच्छा घरोघरी बोलून दाखवली जाते. सातारा जिल्ह्यातील कटगूण हे ज्यांचे मूळ गाव, त्या जोतीराव फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त या लोकश्रद्धेला इतिहासाचा आधार दिला आणि येशूला पश्चिमेकडील बळीराजाच्या रूपात पाहिले. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. दीनदुबळ्यांना न्याय देणाऱ्या राजाची आशा बायबलमध्ये आणि शेतकऱ्याच्या सणात एकच आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

आकड्यांची परंपरा

भाकितांतून तारीख काढण्याच्या परंपरेचे केंद्रही महाराष्ट्रात झाले. तिचा आधार ‘एक दिवस म्हणजे एक वर्ष’ हा नियम. गणना १४ आणि यहेज्केल ४ या अध्यायांतील वचनांवरून तो घेतला जातो. दानीएल ८:१४ मध्ये मंदिर शुद्ध होईपर्यंत २,३०० संध्याकाळ व सकाळ जातील असे म्हटले आहे. पारसी राजा अर्तहशश्त याने यरुशलेमविषयी हुकूम काढला ते इ. स. पू. ४५७ हे वर्ष आरंभ मानले आणि शून्य वर्ष नसल्याचे ध्यानात ठेवून २,३०० वर्षे मोजली, तर १८४४ येते. अमेरिकेतील शेतकरी-उपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी त्या वर्षीच्या २२ ऑक्टोबरला ख्रिस्ताची वाट पाहिली. तो दिवस गेला आणि हजारो लोक हताश झाले. त्यातील एका गटाने हिशेब बरोबर धरून घटनेचा अर्थ बदलला: त्या दिवशी ख्रिस्ताने स्वर्गीय मंदिरात न्यायाचे काम आरंभले. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी या गटातून उभी राहिली. तिचे प्रकाशनगृह पुण्यात सॅलिसबरी पार्क येथे स्थिरावले आणि स्पायसर महाविद्यालय १९४२ मध्ये पुण्याला आले. शनिवारची उपासना, आहार आणि आरोग्य यांवरील भर आणि दानीएल-प्रकटीकरणाचा पद्धतशीर अभ्यास ही या मंडळीची ओळख आहे.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर भाकितांच्या वाचकांना नवे बळ मिळाले. यहेज्केलाच्या सदतिसाव्या अध्यायातील सुकलेली हाडे जिवंत होतात, त्या दृष्टान्ताशी ही घटना जोडली गेली. कोकणातील बेने इस्राएल समाजाची मोठी संख्या पुढील दशकांत तिकडे गेली आणि आपली मराठी घेऊन गेली. ज्या समाजाला भाकिताचा विषय म्हणून पाहिले गेले होते, त्याने आपला निर्णय स्वतः घेतला. तेथेही त्यांना उपरेपणाशी आणि भेदभावाशी झगडावे लागले, हे भाकितांच्या सरळ आखलेल्या नकाशात कधी बसले नाही.

मंडळ्यांची रचनाही बदलत गेली. प्रेस्बिटेरियन आणि अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या १९२४ मध्ये उत्तर भारताच्या संयुक्त मंडळीत आल्या आणि त्यांपैकी बऱ्याच २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. या मंडळ्यांत नाताळापूर्वीचे चार रविवार आगमनकाळ म्हणून पाळले जातात आणि त्या वेळी ख्रिस्ताच्या पहिल्या येण्याबरोबर दुसऱ्या येण्यावरही उपदेश होतो. दुसरीकडे पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांत युद्धाच्या आणि महामारीच्या बातम्या भाकितांशी ताडून पाहण्याची प्रथा जोमात आहे. कोविडच्या काळात ती पुन्हा दिसली.

दोन शतकांच्या या इतिहासावरून एक निष्कर्ष ठामपणे काढता येतो. तारखा सांगणारा प्रत्येक हिशेब फोल ठरला: वुल्फचा १८४७ चा आणि मिलर यांचा १८४४ चा. पिअर्सन यांची १९०० ची मुदतही टळली. ज्यांनी त्याच वचनांतून सेवेची हाक ऐकली, त्यांची कामे मात्र इतिहासात पक्की राहिली: मुलींच्या शाळा, मिरजेचे रुग्णालय, रमाबाईंचे बायबल, इस्लामपूरच्या खेड्यांतील वस्ती. मत्तयाच्या ग्रंथाची रचनाही हेच सांगते. चोविसाव्या अध्यायात येशू म्हणतो की तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही. लगेच पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाची कसोटी येते, आणि ती कसोटी भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र आणि आजाऱ्याची व तुरुंगातील माणसाची भेट ही आहे. शेवटच्या काळाची भाकिते वाचताना चोविसावा अध्याय पंचविसाव्यापासून तोडून वाचू नये.